गार फ्रिज दाखवून विकलेला ट्रेलर

गाडीमागे जोडून न्यायचा मुक्कामाचा जुना ट्रेलर विकताना त्यातला फ्रिज मुख्य वीज, गॅस आणि बारा व्होल्टची बॅटरी अशा तिन्हींवर चालतो, असे विक्रेत्याने आम्हांला ठामपणे सांगितले आणि खात्री पटावी म्हणून आतून गारठलेला फ्रिज उघडून दाखवला. ट्रेलरमधून घराच्या भिंतीकडे गेलेली जाड केबल केवळ दिव्यांसाठी आहे, असेही तो म्हणाला. ते धादांत खोटे होते, कारण फ्रिज त्याच केबलवर चालत होता.

अशा फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे बंद नळ्यांतले अभिसरण उष्णतेवर चालते आणि ती उष्णता विजेच्या हीटरने किंवा गॅसच्या ज्योतीने मिळते. एकदा गार झालेला फ्रिज दार बंद असेल तर कित्येक तास गार राहतो, शिवाय ‘ऑटो’ बटण असलेले बहुतेक फ्रिज मुख्य वीज मिळताच तीच निवडतात. त्यामुळे गार फ्रिज पाहून तो कशावर गार झाला, हे कोणालाही कळत नाही, आणि विक्रेत्याने नेमका याचाच फायदा घेतला.

बॅटरीवर फ्रिज दोन रात्री आरामात चालेल, हा त्याचा दावा तर गणितातच बसत नाही. अशा फ्रिजचा हीटर साधारण १२० ते १८० वॅट घेतो, म्हणजे १० ते १५ अँपिअर. शंभर अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण दहा अँपिअर दहा तास देऊ शकणारी शिसे-आम्ल बॅटरी टिकवायची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरता येते आणि ती साधारण सव्वातीन ते पाच तासांत संपते. बारा व्होल्टची सोय मुळात गाडी चालू असतानाच्या प्रवासासाठी असते. तिथेही वायर बारीक असेल आणि फ्रिजपर्यंत १२ ऐवजी साडेदहाच व्होल्ट पोहोचत असतील, तर हीटरची जवळजवळ पाव उष्णता कमी होते. आमच्या बॅटरीवरचे ‘१००’ हे लेबल तर मूळ, बऱ्याच कमी आकड्यावर चिकटवलेले निघाले.

गॅसच्या बाबतीत जे केले होते, ते मात्र मला अक्षम्य वाटते. बर्नरच्या वरची धुराची नळी काजळीने भरली होती आणि कोणी पेटवून पाहू नये म्हणून गॅसच्या झडपेची वायरच काढून ठेवली होती. काजळी हे अपुऱ्या ज्वलनाचे लक्षण आहे आणि अशा ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वायर परत जोडून कोणी रात्रभर गॅस चालू ठेवून झोपले असते, तर त्यांच्या जिवावर बेतले असते. जाब विचारल्यावर विक्रेत्याने फोन घेणेच बंद केले.

जुना ट्रेलर घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, फ्रिज आदल्या दिवसापासून बंद आणि दार उघडे ठेवायला सांगावे. तिथे पोहोचल्यावर बाहेरची केबल स्वतः काढावी, ट्रेलर समपातळीवर उभा करवून घ्यावा आणि फ्रिज फक्त गॅसवर लावून ज्योत स्थिर व निळी आहे का, ते पाहावे. हे फ्रिज सावकाश गार होतात, म्हणून थर्मामीटर आत ठेवून कित्येक तास थांबण्याची तयारी हवी. विक्रेता घाई करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. विजेविना मुक्काम करायचा असून गॅस नको असेल, तर कॉम्प्रेसरचा बारा व्होल्टचा फ्रिजच शोधावा, कारण तो थांबून थांबून चालतो आणि बॅटरीला झेपतो. फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणकोणत्या स्रोतांवर तपासून दिला आहे, हे विक्रीच्या कागदावर लिहून घ्यावे आणि त्यानंतरच पैसे द्यावेत.