शिरोलीतल्या मशीन शॉपचे डिजिटल दप्तर : काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचे, त्यावर मशीनिंग करायचे आणि पंप व ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांना तयार भाग पुरवायचे, असा हा लघुउद्योग आहे. हिशेब आणि गुणवत्तेची कागदपत्रे ही दोन्ही कामे माझ्याकडे असल्यामुळे, दप्तर संगणकावर नेण्याचे ठरल्यावर ती जबाबदारीही ओघाने माझ्याकडेच आली. पावसाळा, दिवाळीपूर्वीची घाई आणि मार्चअखेर या तिन्ही काळांतून ही पद्धत आता गेली असल्यामुळे तिच्याविषयी अनुभवावरून लिहिता येईल.

आम्ही पेपरलेस-एनजीएक्स ही मुक्तस्रोत प्रणाली निवडली. तिला परवाना शुल्क नाही आणि ती कार्यालयातल्याच संगणकावर चालते. मात्र ती सहसा डॉकरवर, म्हणजे प्रणाली तिच्या सगळ्या जोडण्यांसह वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बसवतात, त्यामुळे पहिल्या उभारणीसाठी जाणकार माणूस हवाच. खर्च झाला तो मुख्यतः आपोआप पाने ओढणारा स्कॅनर, हार्ड डिस्क आणि त्या जाणकाराची मजुरी यांवर. स्कॅन केलेली फाईल ठरलेल्या फोल्डरमध्ये पडली की प्रणाली ती उचलते, तीतला मजकूर वाचून शोधण्याजोगा करते, आणि मूळ फाईल तशीच ठेवून दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ-ए स्वरूपात दुसरी प्रत तयार करते.

कागद वाचतो, कपाटे रिकामी होतात, हे अशा प्रणालींचे नेहमी सांगितले जाणारे फायदे आहेत. आमच्याकडे कागद फारसा वाचला नाही, कारण चलने छापावीच लागतात आणि मशीनवर काम करणाऱ्याला ड्रॉइंगची छापील, शिक्का मारलेली प्रतच हातात लागते. खरा फायदा झाला तो विचारणेला त्याच दिवशी पुराव्यासह उत्तर देता येण्याचा, आणि त्याचा परिणाम थेट पैशांवर दिसतो.

समजा, ग्राहकाच्या जुळणी विभागातून निरोप आला की एका भागाच्या फ्लँजला तडा आढळला आहे. त्या भागावर उठावदार अक्षरांत हीट नंबर असतो, म्हणजे फाउंड्रीत तो कोणत्या ओतकामातून आला याची खूण. या एका नंबरावरून फाउंड्रीचे चलन, रासायनिक घटकांचा व तन्यता चाचणीचा दाखला, आमचा आवक तपासणी अहवाल, मशीनिंगनंतरचा मोजमाप अहवाल आणि त्या हीटचे नग ज्या बिलांतून गेले ती बिले, एवढे सगळे जुळवावे लागते. पूर्वी यातले चलन स्टोअरमध्ये, दाखला गुणवत्ता विभागाच्या बॉक्स फाईलमध्ये आणि बिल हिशेबाच्या खोलीत असे. शोध पूर्ण होईपर्यंत ग्राहक सावधगिरी म्हणून आमचा सगळाच माल बाजूला ठेवत असे आणि डेबिट नोटही (आमच्या बिलातून रक्कम कापल्याची नोंद) त्याच हिशेबाने येत असे. आता हीट नंबरासाठी प्रणालीत स्वतंत्र रकाना केला आहे. नंबर टाकला की संबंधित कागदपत्रे एकत्र समोर येतात. त्यामुळे कोणत्या बिलातले किती नग संशयास्पद आहेत हे लगेच कळवता येते, बाजूला ठेवायचा माल तेवढ्यापुरता मर्यादित राहतो आणि उरलेल्या मालाचे बिल अडकत नाही. एवढ्या एका सोयीसाठीही मी ही प्रणाली पुन्हा घेईन.

दुसरा फायदा वसुलीतला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत कराराने ठरवली तरी ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरला जातो. म्हणजे सगळी मदार तारीख आणि शिक्का असलेल्या पोहोच पावतीवर. ही पोहोच पूर्वी गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसचे दिवस पडून राही. आता गाडी आत आली की गेटच्या खोलीतच ती स्कॅन होते आणि बिलाला जोडली जाते. ‘पोहोच मिळालेली नाही’ असे उत्तर आले की फोनवर बोलता बोलताच प्रत पाठवता येते. व्याजाची मागणी करण्याची वेळ लघुउद्योजकावर सहसा येऊ नये, कारण तसे केले की पुढची ऑर्डर जाते. पण तारखेचा पुरावा हाताशी असला की तगाद्याची भाषाही सौम्य ठेवता येते.

आता उणिवा. स्कॅनमधला मजकूर वाचण्याचे काम प्रणालीतले टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर करते आणि मराठीची निवड केल्यास छापील देवनागरी ते चांगले वाचते. हस्ताक्षर वाचण्यासाठी मात्र ते बनलेलेच नाही. कार्बन प्रतीवरचा अस्पष्ट मजकूर, शिक्क्याखाली गेलेला आकडा, शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांतला फरक, या ठिकाणी त्यावर विसंबू नये. म्हणून हीट नंबर आणि चलन क्रमांक आम्ही हाताने भरतो व दुसऱ्याकडून ताडून घेतो. तीच फाईल पुन्हा टाकली तर प्रणाली नाकारते, पण तोच कागद पुन्हा स्कॅन केला तर तिच्या लेखी तो नवा कागद ठरतो. त्यासाठी स्कॅन झालेल्या कागदावर अनुक्रमांक घालण्याची शिस्त लागते. ही शिस्तच सगळ्यांत अवघड होती. आमच्या स्टोअरच्या काकांना तीस वर्षांचे कागद तोंडपाठ आहेत, त्यामुळे त्यांना हे सारे अनावश्यक वाटणे साहजिक होते. कागदांची वर्गवारी आणि नावे त्यांच्याकडूनच ठरवून घेतल्यावर मात्र ते दुसऱ्यांच्या चुका काढू लागले आणि काम मार्गी लागले.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देतो, पण त्यामुळे सही-शिक्क्याच्या मूळ कागदाची स्कॅन प्रत मूळ ठरत नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करायची झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्यही (फाईल बदललेली नाही हे ताडून पाहण्यासाठी तिच्यावरून काढलेला सांकेतिक ठसा) द्यावे लागते. म्हणून मुद्रांकावरचे करार, बँकेची कर्जाची कागदपत्रे, भूखंडाचा भाडेपट्टा आणि वसुली न झालेल्या बिलांच्या मूळ पोहोच पावत्या आम्ही कपाटातच ठेवतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचे होते, म्हणून त्या वर्षाच्या नोंदींची मुदत ३१ डिसेंबर २०३० ला संपते. अपील प्रलंबित असेल तर ती आणखी लांबू शकते. कोणत्या वर्षाचे काय कधी काढून टाकायचे, हे आता वर्षाच्या खुणेवरून गाळून पाहता येते.

सगळे दप्तर एका संगणकावर आले की तो संगणक बिघडण्याची धास्तीही आलीच. रोज रात्री एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते आणि एक डिस्क आठवड्याला मालकांच्या घरी जाते. ती दुसऱ्या संगणकावर उघडून, पाच-सहा जुनी चलने शोधून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे आम्ही धरत नाही.

जुन्या बॉक्स फाइली सरसकट स्कॅन करण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही आणि इतरांनीही पडू नये. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकानुसार भागाच्या मंजुरीच्या नोंदी, तो भाग उत्पादनात किंवा सुट्या भागांच्या पुरवठ्यात आहे तोवर आणि त्यानंतर एक कॅलेंडर वर्ष ठेवाव्या लागतात. ट्रॅक्टरच्या ज्या भागांसाठी ग्राहक हे मानक मागतात, तेवढ्यांच्याच जुन्या फाइली आम्ही स्कॅनसाठी काढल्या आहेत. बाकीच्या फाइली, ग्राहकाने विचारणा केली की, त्या-त्या वेळी स्कॅन होतात.