चिकुनगुनियानंतर सांधे सुजले: पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन?

ताप उतरला, पण सकाळी मूठ वळत नाही, घोटे सुजलेत आणि सोयाबीनची काढणी तोंडावर. विशीतल्या पोरांना हा प्रश्न हमखास पडतो.

आधी डेंग्यूचं बघा. दोन्ही आजार एडिस डासाचेच, मराठवाड्यात पावसाळ्याच्या शेवटी जोडीनं फिरतात. रक्त तपासून डॉक्टर ‘डेंग्यू नाही’ म्हणेपर्यंत आयबुप्रोफेनला हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉलच: मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या, सहा तासांच्या अंतरानं, दिवसात आठच्या वर नाही. दारू किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून.

सूज? इथं पॅरासिटामॉल कमी पडते; दुखणं दबतं, सूज तशीच. आयबुप्रोफेन सूज उतरवते, सकाळचा आखडलेपणाही सैल होतो. पण ती जेवल्यावरच घ्यायची. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी न पिता रानात राबलात, तर तीच गोळी किडनीवर येते.

खर्चात फारसा फरक नाही. गफलत होते ती मेडिकलवरच्या ‘अंगदुखीच्या’ गोळीत: बऱ्याचदा तिच्यात पॅरासिटामॉल आधीच असते. वरून वेगळी घेतली की डोस दुप्पट. पाकिटामागचं वाचाच.

नुसतं दुखत असेल, ॲसिडिटी असेल तर पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही, सूज ठळक, पोट-किडनी ठीक, तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस आयबुप्रोफेन. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञ. एकच सांधा लाल, गरम आणि पुन्हा ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.