आधी छत, मग सावली, काच सगळ्यात शेवटी: कोल्हापुरातल्या ऊर्जा बचतीच्या घराचा पंधरा महिन्यांचा अनुभव

कंत्राटदाराला 'ऊर्जा बचतीचे घर हवे' असे सांगितले की तो चौरस फुटामागे एक ठोक आकडा वाढवून देतो. त्या ठोक आकड्यावर हो किंवा नाही म्हणू नका. छत, भिंत, खिडक्या, पंखे, गरम पाणी, सोलर यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. कोल्हापूरच्या हवेत यातल्या काही गोष्टींचा पैसा वर्षभरात परत येतो, तर काहींचा पंचवीस वर्षांतही येत नाही. कळंबा रिंग रोडच्या बाजूचे, तळमजला आणि वर एक मजला, हजार चौरस फुटांचा स्लॅब असलेले हे घर. वापरून दोन उन्हाळे आणि एक पूर्ण पावसाळा झाला आहे. खालचे भाव बांधकामाच्या वेळचे, ढोबळ आहेत.

आधी मानकाबद्दल थोडे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'इको निवास संहिता' 2018 मध्ये आली. तिचा पहिला भाग 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतल्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याला ती लागू होत नाही. पण तिच्यातले दोन आकडे कोणीही उचलावेत असे आहेत. छताची यू-व्हॅल्यू 1.2 पेक्षा जास्त नको, आणि भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या वर नको. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. जितका कमी तितके बरे.

छत

पाच इंची स्लॅब आणि वर चार इंची विटांचा कोबा, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. तिची यू-व्हॅल्यू साधारण 2.8 निघते. म्हणजे मानकाच्या दुपटीहून जास्त. कोब्याने गळती थांबते, उष्णता फारशी थांबत नाही. त्याच छतावर 25 मिमी एक्सपीएसचे बोर्ड (निळ्या किंवा गुलाबी रंगाचे, कडक फोम) टाकले की आकडा 0.85 च्या आसपास येतो. 50 मिमी टाकले तर 0.5. पहिल्या इंचाने जवळजवळ दोन अंकांची घट केली, दुसऱ्याने फक्त 0.35 ची. चौरस फुटाला 25 मिमीचा जादा खर्च साहित्य-मजुरीसह 60 रुपयांच्या घरात जातो, 50 मिमीचा 90 ते 100 रुपये. या घरावर 50 मिमी आहे. आज पुन्हा ठरवायचे झाले तर 25 मिमीच घालावे आणि वाचलेल्या तीस-चाळीस हजारांत पश्चिमेच्या खिडक्यांची सावली करावी, असे आमचे मत आहे.

फरक पडतो का, याची तपासणी याच घरात करता येते, कारण जिन्याच्या हेडरूमच्या (जिना गच्चीवर निघतो तिथल्या छोट्या खोलीच्या) स्लॅबवर फोम नाही. एप्रिलमध्ये संध्याकाळी सात वाजता हेडरूमच्या छताला खालून हात लावला तर चटका लागावा इतका गरमपणा असतो, आणि तो रात्री दहा-अकरापर्यंत उतरत नाही. बेडरूमचे छत त्याच वेळी भिंतीइतकेच कोमट लागते. दुपारी खोलीच्या हवेत फार फरक जाणवत नाही. खरा फरक रात्री झोपताना आहे, कारण तापलेला स्लॅब रात्रभर डोक्यावर उष्णता सोडत नाही.

कामाचा क्रम चुकला की सगळे फसते. आधी स्लॅबवर उताराचा थर, शंभराला एक या हिशेबाने, पाणी पाइपाकडे वाहील असा. त्यावर पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात मसाल्याची गोलाई, म्हणजे वाटा, मारून भिंतीवर फूटभर चढवलेले. मग तीन दिवस पाणी कोंडून खालून ओल तपासायची. ही तपासणी झाल्याशिवाय फोम टाकू देऊ नका. एकदा फोम आणि वरचा काँक्रीटचा थर झाला की गळती कुठून आहे ते शोधता येत नाही, पाणी एका कोपऱ्यात मुरते आणि दुसऱ्या खोलीत ठिबकते. बोर्ड विटांसारखे सांधे मोडून बसवायचे, सांध्यांवर टेप, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे जाड कापड), त्यावर दीड ते दोन इंच काँक्रीट, आत जाळी. काँक्रीट दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यांत ओतायचे आणि मध्ये सांधे सोडून ते सीलंटने भरायचे, नाहीतर उन्हाने तडे जातात. शेवटी पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी.

दोन चुका हमखास होतात. फोमखाली डांबरी प्रायमर मारला जातो, त्यातले सॉल्व्हंट फोम विरघळवते. दुसरी चूक हवामानाची. बोर्ड पसरून ठेवले आणि वळीव आला, तर बोर्ड पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने शेजारच्या प्लॉटवर जातात. एप्रिल-मेमध्ये हे काम करणार असाल तर जितके बोर्ड त्या दिवशी काँक्रीटखाली जातील तितकेच गाडीतून उतरवा.

पैसे अगदीच कमी असतील तर उष्णता परतवणारा पांढरा रंग हा स्वस्त पर्याय आहे, चौरस फुटाला 25 ते 40 रुपये. पण आपल्या पावसात त्यावर शेवाळ धरते आणि काळा पडलेला रंग काहीच परतवत नाही. ऑक्टोबरमध्ये ब्लीचिंग पावडरने घासून धुवावा लागतो, दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. चायना मोझॅकलाही ही धुलाई चुकत नाही.

आता पैशाचा सरळ हिशेब. दीड टनाचा एसी उन्हाळ्यातल्या 90 रात्री, रात्रीला सात तास, तासाला सरासरी 0.9 युनिट धरला तर वर्षाला 570 युनिट. छताच्या फोममुळे त्यातला पाव ते तिसरा हिस्सा वाचला असे धरू, म्हणजे 140 ते 190 युनिट, युनिटला 11 रुपयांनी दीड ते दोन हजार रुपये. साठ हजारांच्या कामाला हा परतावा अगदी तोकडा आहे. फोम विकणारा तीन वर्षांत वसुली सांगत असेल तर त्याच्याकडून कागदावर मांडणी करून घ्या. छताचे काम करायचे ते वरच्या मजल्यावर मे महिन्यात झोप लागावी म्हणून, आणि दुसरा एसी घ्यावा लागू नये म्हणून. या दोन्ही गोष्टी या घरात साधल्या आहेत आणि आमच्या लेखी तेवढे पुरेसे आहे. ज्यांच्या डोक्यावर आणखी एक मजला लवकरच चढणार आहे त्यांनी मात्र हा खर्च थांबवावा.

भिंती

इथे चकित करणारी गोष्ट म्हणजे मानक पाळायला जवळजवळ पैसेच लागत नाहीत. नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू 2 च्या आसपास, आठ इंची एएसी ब्लॉकची (सिमेंटचे सच्छिद्र, हलके ठोकळे) 0.7 ते 0.8. विटेपेक्षा ब्लॉक बराच हलका आहे, साधारण तिसरा हिस्सा वजन, त्यामुळे लोखंडही थोडे कमी लागते. पण त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला डिझाइनच्या आधी सांगायला हवे. कॉलम-बीम विटेच्या वजनावर काढून झाल्यावर ब्लॉक वापरले तर ती बचत गेली.

ब्लॉकची बदनामी तड्यांमुळे होते आणि ते तडे बहुतेक वेळा गवंड्याच्या विटेच्या सवयीतून येतात. ब्लॉक विटेसारखे पाण्यात भिजवायचे नसतात, नुसता पाण्याचा हबका पुरतो. साइटवर ते ताडपत्रीखाली ठेवावे लागतात, कारण ओला ब्लॉक भिंतीत बसल्यावर सुकून आकसतो. सांधे तीन मिमीचे, ब्लॉक जोडण्याच्या तयार मसाल्याचे. दर चार-पाच फूट उंचीवर आरसीसी पट्टी. भिंत बीमला लगेच भिडवायची नाही, बोटभर फट सोडून दोन-तीन आठवड्यांनी भरायची. जिथे ब्लॉक आणि कॉलम मिळतात तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाळी मारल्याशिवाय प्लास्टर नको. प्लास्टरचा माल 1:4 इतका कडक केला तर तो ब्लॉकपेक्षा ताठ होतो आणि तडकतो, 1:6 ठेवा. बाहेरून दोन हातांचे प्लास्टर आणि चांगला वॉटरप्रूफ रंग हवाच, कारण ब्लॉक पाणी पितो आणि आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आडवी येते. गिझर आणि किचनचे ट्रॉली-कपाट जिथे टांगणार तिथे बांधतानाच काँक्रीटचे ठोकळे घाला.

खिडक्या

डबल काचेला चौरस फुटामागे अडीचशे ते तीनशे रुपये जास्त पडतात. 120 चौरस फूट काच असेल तर तीस-पस्तीस हजार. आमच्या मते कोल्हापुरात हा खर्च करू नये. डबल काच आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाला अडवते, आणि इथे वर्षातले बहुतेक महिने तो फरक थोडा असतो, शिवाय खिडक्या उघड्याच असतात. ऊन मात्र साध्या डबल काचेतून तीन-चतुर्थांशाच्या जवळपास आत येतेच. या घरात एकाच खोलीला, रस्त्याच्या बाजूला, डबल काच आहे. तिचा उपयोग गाड्यांचा आवाज कमी होण्यासाठी होतो, गारव्यासाठी नाही.

ऊन बाहेरच अडवायला हवे. कोल्हापूर 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. 'उत्तरेला छज्जा कशाला' असे म्हणून तो गाळला जातो, तो गाळू नका. दक्षिणेला दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली असतो की तोच दोन फुटी छज्जा खिडकीच्या वरच्या फूटभरावरच सावली पाडतो. तिथे उभ्या आडोशाच्या फळ्या, बाहेरून लावलेली बांबूची चिक किंवा झाड हेच उपाय. आतला जाड पडदा उपयोगाचा नाही, ऊन आत येऊन पडदाच तापतो. पश्चिमेची खिडकी बंदच करून टाकावी असेही नाही, कारण उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो.

पावसाळ्याची एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) घट्ट खिडक्या, रबरी पट्ट्या, आणि आत वाळत घातलेले कपडे असा मेळ जुलैमध्ये जमला की कपाटांच्या मागे बुरशी येते. भिंतीला चिकटवलेले कपाट दोन इंच पुढे ओढणे, बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवणे आणि प्रत्येक खोलीत वर एक जाळीचा झरोका ठेवणे, एवढ्याने ती आटोक्यात आली. झरोका बांधतानाच ठेवा.

पंखे, पाणी, सोलर

सगळ्यात लवकर वसूल झालेली वस्तू बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचे. साधा पंखा 70-75 वॅट, हा 28 ते 35. पाच पंखे, दिवसाला दहा तास, म्हणजे रोज दोन युनिट, महिन्याला साठ. दहा महिन्यांत सहाशे युनिट, सहा हजारांच्या वर. पाच पंख्यांचा जादा खर्च तेवढाच होता. हे साठ युनिट महावितरणच्या महिना 101 ते 300 युनिट या महागड्या टप्प्यातून कमी होतात हे महत्त्वाचे. जुने रेग्युलेटर काढून साधे बटण द्या, रेग्युलेटरवर हे पंखे नीट चालत नाहीत. विजेच्या चढ-उतारात आतले सर्किट जाते, म्हणून मुख्य डीबीत (एमसीबीच्या पेटीत) सर्ज प्रोटेक्टर बसवा.

सोलर बंबाचे गणितही सोपे आहे. शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सव्वादोन युनिटच्या वर वीज लागते. रोज एवढे पाणी आणि उन्हाचे 250 दिवस धरले तर 580 युनिट, म्हणून 200 लिटरचा नळ्यांचा बंब पाच-सहा वर्षांत फिटतो. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांचाच घ्या, तांब्याच्या पातळ पाइपांचा क्षाराने चोंदतो. जून ते सप्टेंबर कॉइल किंवा जुना तांब्याचा बंब लागणारच. गच्चीवरून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत पंधरा मीटर पाइप असेल तर प्रत्येक वेळी चारेक लिटर गार पाणी वाया जाते. पाइपावर नायट्राइल फोमची नळी चढवा आणि ती उन्हाने फाटू नये म्हणून वर अॅल्युमिनियम टेप.

छतावरचे सोलर सगळ्यात शेवटी ठरवा. पंखे आणि बंबाने वापर घटल्यावर महिन्याला 200 युनिट उरत असतील तर 2 किलोवॅट पुरतात, कारण एका किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज चार युनिटच्या आसपास मिळते, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे तिसरा किलोवॅट तुमच्या खिशातून जास्त महाग पडतो. मार्चअखेर उरलेल्या युनिटांना भाव कमी मिळतो, त्यामुळे 'मोठे बसवा, पुढे लागेल' या सल्ल्याला मान डोलावू नका.

पॅनेलच्या खांबांचे काँक्रीटचे चौथरे स्लॅबच्या वेळीच, फोमच्या आधी ओतून घ्या. नंतर ड्रिलने अँकर मारले की तेच वॉटरप्रूफिंग फुटते ज्यावर एवढा खर्च केला. सोलरचा इन्व्हर्टर पार्किंगमध्ये नको. 2019 आणि 2021 च्या पुरात शहराचा बराच भाग पाण्याखाली होता, आणि ज्या भागात पंचगंगेचे पाणी चढते तिथे तो पहिल्या मजल्याच्या जिन्यात, सावलीत आणि हवेशीर जागी हवा. गच्चीपासून तिथपर्यंत दीड इंची मोकळा पाइप आत्ताच टाकून ठेवा, सोलर पाच वर्षांनी घेणार असलात तरी.