दीक्षाभूमीजवळचं पुस्तकाचं दुकान, बायंडिंग सोडून सगळं भारी

दुकान लहान आहे, दोन माणसं आत घुसली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोट दाखवून पुस्तक मागायचं. पण दीक्षाभूमीला जाऊन फक्त मूर्ती, कीचेन आन् कॅलेंडर घेऊन येणाऱ्यांनी इथं चक्कर मारायलाच पाहिजे.

भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी बुद्धावर काहीतरी सोपं पाहिजे होतं. दुकानवाल्या काकांनी आधी विचारलं पोरगी कितवीत आहे, मग दोन पुस्तकं काढून दिली आन् म्हणाले दोन्ही ने, दोन्हीत गोष्ट वेगळी आहे. एकात आपण लहानपणापासून ऐकतो तेच, म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आन् सिद्धार्थानं 29 व्या वर्षी घर सोडलं. दुसरं बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, त्यात शाक्य (सिद्धार्थाचे लोक) आणि शेजारच्या कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, सिद्धार्थ युद्धाला नाही म्हणतो, शाक्यांच्या संघात, म्हणजे त्यांच्या सभेत, बहुमत त्याच्या विरोधात जातं आणि तो देश सोडायला तयार होतो. बाबासाहेब सरळ विचारतात की 29 वर्षाच्या माणसाला तोवर म्हातारा, आजारी, प्रेत हे काही दिसलंच नसेल का? भाचीचा प्रोजेक्ट याच्यावरच झाला, बाकी पोरं विकीपिडिया छापून घेऊन आले होते.

शिकवणीबद्दलची पुस्तकं मात्र पाहून घ्या. काही स्वस्त पुस्तिकांत सारनाथचं पहिलं प्रवचन, ते ऐकणारे पाच परिव्राजक (फिरते संन्यासी), चार आर्यसत्यं आणि अष्टांगिक मार्गाची नुसती आठ नावं, की पोरं पाठ करून मोकळी. काकांनी दिलेल्या जाड पुस्तकात एकेक अंग उलगडून सांगितलंय, म्हणजे सम्यक आजीविका (योग्य मार्गानं पोट भरणं) असेल तर कोणते धंदे नको ते पण, शस्त्रांचा, माणसांच्या विक्रीचा, मांसाचा, दारूचा, विषाचा (आमच्या सावजीवाल्यांनी हे पान जरा दमानं वाचावं 😄). बुद्धानं कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश पण पूर्ण आहे, परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून तर नाहीच, स्वतः तपासून पाहा. मला सगळ्यात हेच आवडलं, कारण आमच्या घरी वंदना, पंचशील सगळ्यांचं तोंडपाठ, पण काऊन म्हणतो हे कोणी विचारत नाही.

आता तक्रार. जाड पुस्तकाचं बायंडिंग एकदम बेकार, मधली पानं सुटून हातात आली, फॉन्ट बारीक, आईला चष्मा लावूनपण वाचता येऊन नाही राहिलं. बदलून द्यायला काका तयार होते पण दुसऱ्या कॉपीचंही तेच. युपीआय चालतं, नेटवर्क असेल तर. पाली शिकायचं एकही पुस्तक नव्हतं, ते ठेवा राव, मागणारे आहेत.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांचं मोठं पोस्टर पण घेतलं, खाली 14 ऑक्टोबर 1956 ची तारीख आहे, छपाई स्वच्छ, पैसे वसूल.

दसरा आणि 14 ऑक्टोबरच्या आसपास जाऊ नका, लाखोंच्या गर्दीत काकांना बोलायला वेळ नसतो आन् इथली खरी मजा त्यांच्याशी बोलण्यातच आहे. साध्या दिवशी दुपारी जा, स्टूल देतात, चाळू देतात, घ्याच म्हणून मागे लागत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी चार, एक बायंडिंगचा कापला.