तटस्थतेचं उदाहरण कोणतं घ्यावं: फॉकलंड की पश्चिम सहारा?

'दूरच्या भूप्रदेशाच्या वादात देशाने तटस्थ राहावं का?' स्पर्धा परीक्षेच्या निबंधाला किंवा मुलाखतीला असा प्रश्न आला, तर दोन उदाहरणं उपयोगी पडतात: फॉकलंड बेटांबाबत अमेरिका आणि पश्चिम सहाराबाबत भारत.

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ब्रिटन आणि अर्जेंटिना दोघेही हक्क सांगतात. तिथे ब्रिटनचा प्रत्यक्ष कारभार आहे हे अमेरिकेला मान्य आहे. बेटं ब्रिटनची की अर्जेंटिनाची, यावर मात्र ती मत देत नाही. 1982 मध्ये या भूमिकेचा कस लागला. 2 एप्रिलला अर्जेंटिनाचं सैन्य बेटांवर उतरलं आणि त्याच संध्याकाळी संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी राजदूत जीन कर्कपॅट्रिक वॉशिंग्टनच्या अर्जेंटिनी दूतावासात मेजवानीला गेल्या. ब्रिटिशांना ते चांगलंच झोंबलं. मग अमेरिकी परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी लंडन आणि ब्युनोस आयर्सच्या खेपा घातल्या. समेट फिसकटल्यावर 30 एप्रिलला अमेरिका उघडपणे ब्रिटनच्या बाजूने उभी राहिली. साइडवाइंडर क्षेपणास्त्रं दिली, अटलांटिकमधल्या ब्रिटिशांच्या असेन्शन बेटावर इंधन पुरवलं. तरी मालकीबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वाटाघाटींचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनने विरोधात आणि अमेरिकेने बाजूने मत दिलं. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर संतापल्या. 2013 च्या सार्वमतात 1,513 बेटवासीयांनी ब्रिटनकडे राहण्याचा कौल दिला, विरोधात फक्त 3 मतं पडली. तेव्हाही अमेरिकेची भूमिका बदलली नाही. बळजबरीला विरोध, पण मालकीबाबत मौन, अशी ही तटस्थता आहे. मांडायला सोपी, तर्काला घट्ट.

भारताचं तसं नाही. वायव्य आफ्रिकेतल्या पश्चिम सहारावर मोरोक्को हक्क सांगतो, तर तिथल्या सहरावी लोकांच्या चळवळीने स्वतःचं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं आहे. 1985 मध्ये राजीव गांधी सरकारने या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली, दिल्लीत त्यांचा दूतावासही उघडला. 2000 मध्ये वाजपेयी सरकारने ती मान्यता काढून घेतली. आता आपण संयुक्त राष्ट्रांच्या प्रक्रियेला पाठिंबा देतो, एवढंच. मोरोक्को आपला फॉस्फेटचा मोठा पुरवठादार आहे. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी डीएपी खताची गोणी फोडतो त्यातल्या स्फुरदाशी (फॉस्फरसशी) या वादाचा संबंध पोचतो. फॉस्फेटमुळेच मान्यता गेली असं मात्र ठोकून देऊ नका. आणि दुसरी बाजू गाळू नका: अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत सहरावी निर्वासितांच्या पिढ्या वाढल्या, स्वातंत्र्य की मोरोक्को, यावर 1991 मध्ये ठरलेलं सार्वमत अजून झालेलं नाही. आपल्या तटस्थतेची किंमत त्यांनीही मोजली आहे.

मी सहारा निवडेन. फॉकलंडमध्ये तत्त्व स्वच्छ दिसतं, पण तटस्थ राहण्याने देशाला काय मिळतं आणि कुणाचं काय जातं, हे सहाराच्या उदाहरणात कळतं. शिवाय परीक्षक भारताबद्दलच विचारणार.

वेळ कमी असेल आणि एकच मुद्दा ठासून मांडायचा असेल, तर फॉकलंड घ्या. पण उपप्रश्नाची तयारी ठेवा: याच अमेरिकेने डिसेंबर 2020 मध्ये पश्चिम सहारावर मोरोक्कोचं सार्वभौमत्व मान्य केलं, मग तिची तटस्थता कुठे गेली?