अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये गोष्ट किती असावी? काही महिने खेळून झाल्यानंतरचा अनुभव

‘गॉड ऑफ वॉर’ हा २०१८ साली प्लेस्टेशन ४ वर आलेला गेम मी काही महिने सावकाश खेळून पूर्ण केला, त्याचा २०२२ मध्ये आलेला पुढचा भाग ‘रॅग्नारॉक’ही संपवला, आणि या काळात त्याच प्रकारचे आणखी काही गेम घरातल्या त्याच टीव्हीवर येऊन गेले. या गेमच्या ग्राफिक्सविषयी आणि लढाईविषयी भरपूर लिहून झालेले आहे, म्हणून ते सोडून मी एकाच प्रश्नापुरते लिहिणार आहे. हाणामारी आणि भटकंती हाच ज्याचा गाभा आहे अशा गेममध्ये कथानक किती असावे? पहिल्या भागातील कथेचा बराच तपशील पुढे येणार आहे, त्यामुळे ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी आधी खेळून घ्यावा.

आमच्या सांगलीच्या घरात या प्रश्नाला दोन बाजू आहेत. धाकटा भाऊ हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहतो. दिवसभर सौदे, फोन आणि घासाघीस ऐकून घरी आल्यावर तो कंट्रोलर हातात घेतो तो हात चालवण्यासाठी. पडद्यावर दोन माणसे बोलू लागली की त्याचा अंगठा स्किपचे बटण शोधू लागतो. ‘दादा, दिवसभर माणसांचं बोलणंच ऐकतोय की मी. घरी येऊन आणि तेच कशाला?’ असे तो विचारतो, आणि त्याचे हे म्हणणे मला उडवून लावण्यासारखे वाटत नाही. गोष्टच हवी असेल तर नाटक आहे, सिनेमा आहे, कादंबरी आहे. गेमने जे फक्त गेमलाच देता येते ते द्यावे, अशी अपेक्षा रास्तच आहे. तरीही याच भावाने ‘गॉड ऑफ वॉर’ एकही प्रसंग न टाळता शेवटपर्यंत पाहिला. तो त्याने का पाहिला, याचा विचार करत गेल्यावर माझे मत हळूहळू पक्के झाले.

या गेमची कथा एका वाक्यात सांगता येते: नायक क्रेटोसची पत्नी वारली आहे आणि तिच्या अस्थींची राख सर्व जगांतील सर्वांत उंच शिखरावरून उधळण्यासाठी तो आपल्या लहान मुलाला, अट्रेयसला, घेऊन निघाला आहे. चितेचा प्रसंग झाला की लगेच बाप मुलाला हरणाच्या शिकारीला नेतो. येथे खेळणाऱ्याला प्रथमच चौकोनाचे बटण मिळते. ते दाबले की मुलगा बाण सोडतो. मुलगा आधी घाई करतो, बाण चुकतो, बाप रागावतो आणि मी सांगेन तेव्हाच सोड असे बजावतो. म्हणजे बापलेकांमधला ताण जेथे सुरू होतो तेथेच एका बटणाचे शिक्षणही पूर्ण होते. त्यानंतर कित्येक तास आपण ते बटण दाबत राहतो. कुऱ्हाड फेकावी, त्रिकोण दाबून ती परत बोलवावी, ती हातात येऊन आदळताना कंट्रोलरला बसणारा हिसका तळव्याला जाणवावा आणि त्याच दमात चौकोन दाबून मुलाला बाण सोडायला सांगावे, हा ठेका बोटांत इतका मुरतो की मुलगा आपल्या पाठीशी आहे हे वेगळे आठवावे लागत नाही. मागून कोणी चालून आले तर तोच ओरडून सावध करतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे परवडतही नाही.

पुढे मुलगा आजारी पडतो आणि त्याला फ्रेया या देवीच्या घरी सोडून बापाला एकट्याने जावे लागते. त्यानंतरच्या पहिल्याच चकमकीत माझे बोट सवयीने चौकोनावर गेले आणि काहीही घडले नाही. बाण सुटला नाही, आवाज आला नाही. मुलाची काळजी वाटावी म्हणून कितीही हळवे संवाद लिहिले असते तरी त्या निकामी बटणाने जे साधले ते त्यांना साधले नसते. भाऊ शेजारीच बसला होता. तो फक्त एवढेच म्हणाला, ‘पोरगं न्हाई तर हातच तुटल्यागत वाटतंय.’ माझ्या मते कथानकाची खरी जागा ही आहे. कथा बोटांपर्यंत पोहोचत असेल तर ती कितीही असली तरी खेळणाऱ्याला जड होत नाही; ती फक्त डोळ्यांसमोरून जात असेल तर दोन मिनिटांचा प्रसंगही लांबलेला वाटतो.

याच गेममधील होडीची रचना मला सर्वांत अधिक आवडली. नऊ जगांच्या तळ्यात आपण वल्हे मारत फिरतो, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी गोष्ट सांगते. सुरुवातीला बापच मुलाला ससा आणि कासव यांच्यासारख्या गोष्टी सांगतो, पण इतक्या रुक्षपणे की मुलाला त्यात रस वाटत नाही. नंतर मिमिर हा ज्ञानी सोबती येतो, म्हणजे त्याचे केवळ मस्तक क्रेटोसच्या कमरेला लटकते, आणि मग देव-दानवांच्या कथांना रंग चढतो. कौतुकाची बाब ही की गोष्ट अर्धी झालेली असताना काठाला लागलात तर ती तेथेच थांबते, आणि परत होडीत बसलात की मिमिर तुटलेला धागा उचलून पुढे सांगू लागतो. कोणी अडवत नाही, कोणी घाई करत नाही.

या गेममध्ये मराठी सबटायटल नाहीत, आणि आईला इंग्रजी समजत नाही. पण होडीचा वेग असा आहे की एका हाताने दिशा सांभाळत मी मिमिरचे वाक्य मराठीत सांगू शकत असे. ती भाजी निवडत ऐकत असे आणि काठ जवळ आला की म्हणे, ‘आरं, एवढं मुंडक्याचं पुरं होऊ दे की, मग उतर.’ मी तळ्याला आणखी एक फेरी मारत असे. लढाईच्या मध्ये कोणी असे काही सांगू लागले तर मलाच अर्धे कळत नाही, दुसऱ्याला सांगणे दूरच राहिले. बोलणे कोठे ठेवावे याचा अंदाज या गेमच्या कर्त्यांना उत्तम आहे, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून.

सांगलीकराला हे नवीन वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने येथे जे नाटक उभे केले, त्यात आख्यान सूत्रधार गात असे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी, स्वतःच्या बळावर करीत. राक्षस आरोळ्या ठोकत तलवारी घेऊन रंगभूमीवर धावून येत, तेव्हा सूत्रधाराचे काम प्रसंग उभा करून देण्यापुरतेच उरत असे. कथेची चौकट एकाने सांभाळायची आणि आतला आवेश दुसऱ्याने भरायचा, ही वाटणी चांगल्या अ‍ॅक्शन गेममध्ये आजही तशीच दिसते. तेथे सूत्रधाराच्या जागी गेम असतो आणि पात्राच्या जागी खेळणारा.

ही वाटणी बिघडते तेव्हा काय होते, हे ‘रॅग्नारॉक’मध्ये काही ठिकाणी दिसले. त्या गेमची कथा मोठी आहे, पात्रे अधिक आहेत आणि त्यांतील बरीचशी मनात राहणारी आहेत. पण सोबतची माणसे फार बोलतात. समोर कोडे आले, मी अजून चाके आणि साखळ्या पाहतोच आहे, तोवर शेजारचा काय करायचे ते सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा त्याने गप्प राहून मला चाचपडू दिले असते तर मी त्याच्यावर अधिक प्रेम केले असते. आयर्नवूडच्या जंगलातील प्रकरणाने मात्र माझ्या मतालाच थोडी मुरड घातली. तेथे अट्रेयस आणि आंगरबोडा ही मुलगी याकवर बसून फिरतात, फळे गोळा करतात, बोलतात. कंट्रोलर सतत आपल्या हातात असतो, तरीही तो भाग लांबतो. हातांना काम आहे एवढ्याने भागत नाही, त्या कामाला काही वजनही लागते, हे मला तेथे कळले. हरणाच्या शिकारीत आपण नेम धरत असतो. फळे गोळा करताना आपण फक्त संवाद संपण्याची वाट पाहत असतो.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये अडचण निराळी आहे. घोड्यावरून जाताना होणारी संभाषणे सुंदर आहेत आणि मोकळे फिरताना ते जग जितके उदार वाटते तितके मला दुसरे कोणते वाटले नाही. परंतु कथेतील मिशन सुरू झाले की ठरलेल्या वाटेपासून फार दूर गेल्यास मिशन फसल्याचे जाहीर होते. ज्या गेमने आपल्याला इतके मोठे रान मोकळे करून दिले, त्यानेच कथेच्या वेळी वेसण घालावी हे खटकते. येथे कथा जास्त झाली असे मी म्हणणार नाही. तिने खेळणाऱ्यावर विश्वास ठेवला नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

कमी कथेच्या बाजूने बोलायचे तर ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ची आठवण काढावीच लागते. मूळ गेम २००५ चा, आम्ही खेळलो तो २०१८ चा नव्याने घडवलेला. एक तरुण, एक निष्प्राण मुलगी, एक घोडा आणि १६ महाकाय प्राणी. संवाद अगदी मोजके. तलवार उन्हात धरली की प्रकाशाचा झोत वाट दाखवतो आणि त्या ओसाड प्रदेशात दुसरा शत्रू नाही. प्रत्येक महाकाय कोसळला की त्याच्यातून काळे धागे निघून तरुणाच्या अंगात शिरतात, आणि हळूहळू त्याचा चेहरा निस्तेज होत जातो. कोणीही काही समजावून सांगत नाही. सुरुवातीला विजयाने मुठी आवळणारा माझा भाऊ शेवटच्या काही लढतींत गप्प गप्प खेळू लागला होता. गोष्ट ज्याला नकोशी वाटते त्याच्यापर्यंत ती अशी पोहोचते.

मावसभावाच्या निन्टेंडो स्विच या कन्सोलवर पाहिलेला २०१७ चा ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणखी पुढे जातो. सुरुवातीच्या पठारावरील चार श्राइन (कोड्यांची छोटी मंदिरे) पार करून पॅराग्लायडर मिळाला की खेळणारा थेट शेवटच्या किल्ल्यावर चालून जाऊ शकतो. नायकाच्या गेलेल्या स्मृती १२ छायाचित्रांमध्ये विखुरल्या आहेत. ती ठिकाणे शोधली तर कथा मिळते, नाही शोधली तर काही अडत नाही. ही मोकळीक मला आवडली, पण मन गुंतले ते ‘गॉड ऑफ वॉर’मध्येच. पुढे काय होणार ही ओढ तेथे रात्री उशिरापर्यंत जागवते. झेल्डामध्ये ओढ असते ती त्या डोंगरापलीकडे काय आहे याची, आणि ती उद्यावर टाकता येते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’विषयी मला विशेष आपुलकी आहे. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, तिची वाटचाल पाहत निवेदन करणारे विष्णू आणि दुर्गा, छायाबाहुल्यांच्या खेळातून उलगडणारे प्रसंग, आणि थांबून पाहिल्यास देवांच्या कथा ऐकवणारी भिंतींवरील चित्रे, हे सारे आपल्या मातीतील आहे. कथा येथे लहानशी आहे आणि तशीच शोभते. शेवट मात्र इतका अचानक येतो की जेवण अर्ध्यावर पान उचलल्यासारखे होते. या गेममध्ये मला कथा थोडी अधिक हवी होती. मूळ आवृत्तीत विष्णू आणि दुर्गा इंग्रजीत बोलतात. ते मराठीतही बोलू लागले तर आईला माझी मध्यस्थी लागणार नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहारातील सूचना. सबटायटलचा आकार सेटिंगमधून मोठा करून घ्यावा, लहान टीव्हीवर त्याने फार फरक पडतो. आमच्या भागात उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा बॉस फाइटच्या, म्हणजे मोठ्या शत्रूशी होणाऱ्या लढतीच्या, आधीचा लांब प्रसंग काही गेममध्ये पुन्हा पाहावा लागतो, म्हणून इन्व्हर्टरवर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही जोडलेले बरे. ज्या घरात एकाला गोष्ट हवी आणि दुसऱ्याला नको, त्या घराने पहिला गेम म्हणून २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ घ्यावा. तो प्रौढांसाठीचा आहे, लहान मुले झोपल्यावरच लावावा.