98 किलो वजन आणि ग्रुप एचआयआयटी: आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले, आठवड्यातून दोनदा ग्रुप एचआयआयटीच्या (थोडा वेळ पूर्ण जोर, थोडी विश्रांती, असा आलटून पालटून व्यायाम) बॅचला जातेय. सुरुवात केली तेव्हा वजन 98 किलो, वय 41, बीपीची गोळी चालू आणि कित्येक वर्षांत चालण्यापलीकडे व्यायाम नाही. एवढ्या वजनाने हे झेपतं का, असं बऱ्याच जणी विचारतात. झेपतं. फक्त पहिले काही महिने बॅचच्या वेगाकडे बघायचं नाही, आपला वेग धरायचा.

हे मला गुडघा दुखावल्यावर कळलं. पहिल्यांदा ज्या बॅचला गेले तिथे पहिल्याच दिवशी ताबाता होतं. 20 सेकंद पूर्ण जोर, 10 सेकंद थांबायचं, असे 8 फेरे, म्हणजे जेमतेम 4 मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग खेळाडूंच्या सरावातून आलेली आहे, आणि इझुमी ताबाता यांचा 1996 चा अभ्याससुद्धा व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवरचा. तिथे मला उडी मारून स्क्वॉट (उठाबशांसारखा व्यायाम) करायला लावले. दमछाक झाली होती, गुडघ्यात कळ येत होती, तरी आजूबाजूला सगळे उड्या मारत असताना मला थांबवेना. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा टम्म सुजला. तीन आठवडे जिना उतरताना कठडा सोडता आला नाही. बीपी आहे का, सांधे दुखतात का, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. याचा राग मला अजून आहे.

दुसरी जागा निवडली ती याच एका गोष्टीवर. इथे आधी फॉर्म भरून घेतला: छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठली औषधं चालू आहेत. मग डॉक्टरांना विचारून या म्हणाले. ते फार बरं झालं. माझी गोळी बीटा ब्लॉकर गटातली. तिने नाडीचा वेग दबतो, त्यामुळे नाडी जास्तीत जास्त किती जावी याचा '220 वजा वय' हा हिशेब आणि घड्याळावरचे आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत, हे तेव्हा समजलं. आता मी बोलून बघते. एक वाक्य सलग बोलता आलं तर ठीक. दोन-तीन शब्दांवर धाप लागली की जोर पुरेसा झाला. शब्दच फुटेना झाला तर थांबायचं, मग घड्याळात सेकंद कितीही उरलेले असोत.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो खोक्याचा. स्क्वॉटसाठी कोचने माझ्यामागे एक लाकडी खोकं ठेवलं आणि त्यावर जाड मॅट घातल्या, एकावर एक तीन. "टेकायचं, पण बसायचं नाही," एवढंच सांगितलं. खाली जाताना मॅट अंगाला लागली की टाचा रोवून वर यायचं. मागे आधार आहे म्हटल्यावर पडायची भीती गेली, आणि भीती गेली तशी गुडघे आत वळायचे थांबले. साधारण दोन महिन्यांनी एक मॅट काढायची. जम्पिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकायचा, पुशअप भिंतीवर, बर्पी (हात टेकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी) बाकावर हात टेकवून आणि उडी न मारता.

सहाव्या आठवड्यात दमसास बराच वाढला होता, मला उड्या मारायच्या होत्या. कोचने चक्क नाही म्हटलं. श्वास आणि स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायूबंधांना कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि दुखापत नेमकी या मधल्या काळात होते. तेव्हा वाईट वाटलं होतं, आज मी त्यांची आभारी आहे.

स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवस राहतं, त्याला घाबरू नका. म्हणूनच दोन बॅचमध्ये मी निदान दोन दिवस सोडते. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर मात्र तिथेच थांबा. अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी गडद तपकिरी होतेय, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि शेवटचा फेरा संपला की एकदम थांबून उभं राहू नका, दोन-चार मिनिटं चालत राहा. नाहीतर रक्त पायांत साचून डोळ्यांपुढे अंधारी येते. मला एकदा आली होती.

तक्रारी आहेतच. संध्याकाळच्या बॅचला एवढी गर्दी असते की कोचचं लक्ष पोचत नाही, आणि गाण्यांच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत. मी सकाळची घेतली. धावण्याचे मऊ, उंच तळव्याचे बूट आडव्या हालचालींत कलंडतात, सपाट तळव्याचे घ्या. मांड्या घासून सोलवटतात, त्यासाठी गुडघ्यापर्यंतची घट्ट शॉर्ट्स हवीच.

वजन आज 91. जिना आता कठड्याशिवाय उतरते. खोक्यावरची शेवटची मॅट गेल्या महिन्यात निघाली, पुढच्या आठवड्यात बुटकं खोकं येणार आहे. उड्यांचं त्यानंतर बघू, असं कोच म्हणालेत.